शोधाच्या निकालावरची मर्यादा: स्क्रीन अडकते किंवा हवी ती नोंद दिसत नाही, तेव्हा काय तपासावे

लातूरच्या मोंढ्यातील काही आडत दुकाने, आसपासच्या तालुक्यांतील दोन-तीन पतसंस्था आणि एका महाविद्यालयाचे ग्रंथालय यांच्या डेटाबेसची देखभाल मी गेली बरीच वर्षे करत आलो आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनची आवक वाढली की मला येणारे बहुतेक फोन एकाच दोषाचे असतात. नाव टाकून शोध घेतला की संगणक अडकून बसतो, किंवा समोर उभ्या असलेल्या माणसाची नोंद यादीत सापडत नाही. ही दोन वेगळी दुखणी वाटतात, पण मूळ एकच असते: शोधात एका वेळी किती नोंदी आणायच्या याची मर्यादा घातलेलीच नसते, किंवा चुकीच्या जागी घातलेली असते, किंवा घातली असूनही यादी तोडली आहे हे वापरणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते.

लक्षणे

पहिले लक्षण सर्वांना ठाऊक आहे. ‘जाधव’ किंवा ‘शिंदे’ एवढेच टाकून शोध घेतला की स्क्रीन पांढरी पडते, मिनिटभर काही हलत नाही आणि कधी कधी मेमरी संपल्याची सूचना येते. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या प्रणालीत त्या सूचनेत बहुधा १३,४२,१७,७२८ बाइट हा आकडा असतो. तो म्हणजे १२८ एमबी, पीएचपीची नेहमीची मर्यादा. अशा वेळी कंटाळून संगणकाचे बटण दाबून बंद करण्याची सवय अनेकांना असते. ती कृपया टाळावी, कारण डेटाबेस त्याच संगणकावर असेल तर अर्धवट लिहिलेली नोंद खराब होण्याचा धोका असतो.

दुसरे लक्षण याच्या उलट आणि माझ्या मते अधिक घातक आहे. यादी झटकन येते, पण तिच्यात नेमक्या १०० किंवा १००० नोंदी असतात आणि हवे ते नाव त्यात नसते. एका दुकानात मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. काउंटरसमोर औसा भागातील एक वयस्क शेतकरी उभे होते. मुनीमजींनी आडनाव टाकले, यादी खालपर्यंत वाचली आणि म्हणाले, “काका, तुमचं खातं इथं नाही दिसत. नवीन काढावं लागंल.” काकांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेली जुनी हिशोबपट्टी काढली आणि म्हणाले, “मागच्या साली सोयाबीन हितंच घातलं व्हतं की, मुनीमजी. पट्टी बघा ना.” खाते होतेच, पण नावांच्या क्रमात ते १३७ वे होते आणि यादी १०० वर तुटत होती. त्या दिवशी पट्टी खिशात होती म्हणून प्रकार उघडकीस आला. त्याआधी किती जणांची दुसरी खाती निघाली, कोणाची उचल जुन्या खात्यावर राहून नव्या खात्यावरून पूर्ण रक्कम दिली गेली, हे शोधायला पुढे तीन आठवडे लागले.

बाकीची लक्षणे थोडक्यात सांगतो. पहिल्या पानावर दिसलेली नोंद दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते. पहिली पाने लगेच उघडतात, पण दोनशेव्या पानाला घाम फुटतो. वीस शेतकरी मागवले तर सातच दिसतात. तोच शोध सकाळी एक यादी देतो आणि दुपारी दुसरी. मर्यादा काढली तर निकाल लवकर येतो आणि घातली तर उशिरा, असे उलटे वागणेही कधी कधी दिसते. त्याचे कारण पुढे येईल.

पहिली तपासणी: मोजा, आणि आकडा गोल आहे का ते पाहा

याला पैसे लागत नाहीत आणि पाच मिनिटे पुरतात. ज्या अटीवर शोध घेतला त्याच अटीवर ‘काउंट’ची क्वेरी, म्हणजे डेटाबेसला नोंदी मोजायला सांगणारी सूचना, चालवून डेटाबेसमध्ये प्रत्यक्षात किती नोंदी आहेत ते लिहून ठेवावे आणि स्क्रीनवर किती दिसतात ते शेजारी लिहावे. दोन्ही आकडे सारखे असतील तर यादी तुटत नाही, दोष दुसरीकडे आहे. स्क्रीनवरचा आकडा नेमका २५, १००, २००, १००० किंवा १०,००० असेल तर तो योगायोग समजू नये. माणसांची संख्या एवढी गोल क्वचितच निघते; कोणी तरी मध्ये कात्री चालवली आहे.

ही कात्री अनेकदा डेटाबेसची नसून आपण ज्या साधनातून पाहतो त्या साधनाची असते. मायएसक्यूएल वर्कबेंच आपणहून १००० नोंदींची मर्यादा जोडते. डीबीव्हर सुरुवातीला २०० नोंदी आणते. पीएचपीमायअॅडमिनच्या अलीकडच्या आवृत्त्या एका पानावर २५ ओळी दाखवतात. एसक्यूएल सर्व्हरच्या मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये टेबलवर, म्हणजे नोंदींच्या तक्त्यावर, उजवे बटण दाबले की ‘पहिल्या १००० ओळी पाहा’ आणि ‘पहिल्या २०० ओळी दुरुस्त करा’ असेच पर्याय मिळतात. इलास्टिकसर्चसारखे शोध इंजिन वापरात असेल तर त्याची खिडकी, म्हणजे शोधातून पाहता येणाऱ्या नोंदींची मर्यादा, मुळातच १०,००० नोंदींची असते, आणि सातव्या आवृत्तीपासून एकूण किती नोंदी जुळल्या हा आकडाही, वेगळे सांगितले नाही तर, १०,००० पर्यंतच अचूक मोजला जातो. म्हणजे तिथे ‘एकूण १०,०००’ असे दिसले तर त्याचा अर्थ ‘किमान १०,०००’ असा घ्यावा.

ही तपासणी सर्वांत आधी करायची ती यासाठी की साधनाची मर्यादा आहे हे लक्षात न आल्यामुळे सर्व्हरची मेमरी वाढवणारे, नवी डिस्क बसवणारे आणि शेवटी सगळा डेटा पुन्हा भरणारे लोक मी पाहिले आहेत.

दुसरी तपासणी: शोधाचा मजकूर

शोधाची चौकट रिकामी ठेवून बटण दाबले तर काय होते ते पाहावे. बऱ्याच प्रणालींत रिकामी चौकट म्हणजे ‘सगळे आणा’ असा अर्थ होतो आणि नवा मुलगा कामाला लागला की पहिल्या दिवशी हेच करतो. चौकट रिकामी असेल तर क्वेरी चालवूच नये आणि किमान तीन अक्षरे मागावीत, एवढा बदल केल्यावर अर्धे फोन बंद झाल्याचा माझा अनुभव आहे. मात्र अक्षरे मोजताना देवनागरीचा विचार करावा. ‘श्री’ हे वाचताना एक अक्षर असले तरी युनिकोडमध्ये ते चार चिन्हांचे बनते. त्यामुळे केवळ चिन्हे मोजणारा नियम आपल्या नावांना नीट लागू पडत नाही.

आपल्या भागात आडनावावर एकट्याने शोध घेण्यात फारसा अर्थ नसतो. जाधव, शिंदे, पवार, कदम ही आडनावे गावोगाव आहेत. गाव आणि आडनाव अशा दोन चौकटी दिल्या तर हजारांची यादी पंधरा-वीसवर येते आणि मर्यादेचा प्रश्नच उरत नाही. मर्यादा घालण्याआधी शोध अरुंद करणे केव्हाही चांगले.

इथेच आणखी एक गोष्ट पाहून घ्यावी. ‘कऱ्हाळे’ या आडनावातला ‘ऱ्ह’ दोन प्रकारे साठवला जाऊ शकतो: एका कळफलकावर नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून, तर दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण संगणकाला ती वेगळी नावे वाटू शकतात. नोंद मर्यादेमुळे गळाली की अशा लेखनभेदामुळे, हे ठरवण्यासाठी तीच नोंद खाते क्रमांकाने शोधून पाहावी. क्रमांकाने सापडली आणि मोजणीच्या क्वेरीत नावाने आली नाही, तर दोष लेखनाचा आहे आणि पुढची सगळी तपासणी त्या नोंदीपुरती गैरलागू आहे.

तिसरी तपासणी: मर्यादा क्वेरीत आहे की प्रोग्राममध्ये?

मूठभर सोयाबीन हातावर घेऊन माल पाहायचा असेल, तर कोणी अख्खा ट्रक दुकानात रिकामा करत नाही. पण अनेक प्रोग्राम नेमके हेच करतात. डेटाबेसकडून सगळ्या नोंदी मागवतात, त्या मेमरीत भरतात आणि मग त्यातल्या पहिल्या ५० दाखवतात. स्क्रीनवर ५०च दिसतात म्हणून मालकाला मर्यादा घातलेली आहे असे वाटते, आणि ज्याने प्रोग्राम लिहिला तोही शपथेवर तसेच सांगतो.

खरे काय ते पाहण्यासाठी डेटाबेसपर्यंत पोहोचलेली क्वेरी वाचावी. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये जनरल लॉग, म्हणजे आलेल्या क्वेरींची नोंदवही, थोडा वेळ चालू करता येतो. तो काम झाल्यावर आठवणीने बंद करावा, कारण तो प्रत्येक क्वेरी लिहितो आणि डिस्क भरत जाते. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये ठरावीक वेळेपेक्षा जास्त चाललेल्या क्वेरी लॉगमध्ये टाकण्याची सोय आहे. लॉगमधील क्वेरीच्या शेवटी मर्यादेचा शब्द नसेल तर मर्यादा प्रोग्राममध्ये आहे.

प्रोग्रामच्या वतीने डेटाबेसशी बोलणाऱ्या दुव्याचे, म्हणजे ड्रायव्हरचे, वागणेही इथे आड येते. जावामधून पोस्टग्रेस वापरताना ड्रायव्हर मूळ स्थितीत सगळा निकाल एकदम मेमरीत घेतो. त्याला टप्प्याटप्प्याने आणायला सांगायचे तर फेच साइज (एका वेळी आणायच्या नोंदी) ठरवावा लागतो आणि शिवाय ऑटोकमिट (प्रत्येक क्वेरी आपोआप कायम करणे) बंद ठेवावे लागते; यापैकी एकच केले तर काहीही फरक पडत नाही. पीएचपीतून मायएसक्यूएल वापरतानाही निकाल आधी पूर्ण साठवला जातो. शिवाय टप्प्याने आणणे आणि मर्यादा घालणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याने मेमरी वाचते, पण डेटाबेसचे काम पूर्णच होत राहते.

मर्यादेचा शब्द प्रत्येक डेटाबेसचा निराळा आहे. मायएसक्यूएल, मारियाडीबी, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट यांत ‘लिमिट’ चालते. एसक्यूएल सर्व्हर आणि अॅक्सेस यांत ‘टॉप’ लिहितात. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून ‘ऑफसेट’ (इतक्या सोडा) आणि ‘फेच’ (इतक्या आणा) हेही आले, मात्र त्यासाठी क्रम सांगणे सक्तीचे आहे. ‘फेच फर्स्ट’ ही रचना एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या २००८ च्या प्रमाणात आली आणि ओरॅकलने ती १२सी या आवृत्तीत स्वीकारली. त्याआधीच्या ओरॅकलमध्ये ‘रोनम’, म्हणजे ओळीचा क्रमांक, वापरत असत आणि तिथे एक जुना सापळा आहे: त्याच क्वेरीत रोनमची अट आणि क्रम दोन्ही लिहिले, तर आधी नोंदी तोडल्या जातात आणि मग त्या तोडलेल्याच नोंदींना क्रम लावला जातो. सर्वांत नव्या दहा पावत्या मागितल्या तर कुठल्याही दहा येतात आणि त्या आपसात तारखेने नीट लावलेल्या असतात, म्हणून संशयही येत नाही. आतल्या क्वेरीत क्रम आणि बाहेरच्या क्वेरीत रोनम, असे लिहिले की हा दोष जातो. अॅक्सेसमध्ये ‘टॉप १०’ मागितल्यावर कधी बारा नोंदी येतात. दहाव्या नोंदीशी बरोबरी करणाऱ्या सगळ्या नोंदी तो देतो, त्यामुळे हा बिघाड नव्हे. मायएसक्यूएलमध्ये ‘लिमिट २०, १०’ याचा अर्थ वीस सोडा आणि दहा द्या असा होतो. पुष्कळ जण तो उलटा वाचतात.

यादी तोडली आहे हे सांगितले जाते का?

या तपासणीला वेगळा क्रमांक देत नाही, कारण ही दुरुस्ती वरच्या तपासणीबरोबरच करून टाकावी. मर्यादा क्वेरीत घातली की आपण पुन्हा दुसऱ्या लक्षणाकडे जातो: यादी झटकन येते आणि १३७ वे खाते दिसत नाही. म्हणून मी ५० नोंदी दाखवायच्या असतील तर ५१ मागवतो. एक्कावन्नावी आली, तर ती दाखवायची नाही, पण यादीखाली ठळक अक्षरांत लिहायचे: ‘पहिल्या ५० नोंदी दाखवल्या आहेत. आणखी नोंदी आहेत. गाव किंवा वडिलांचे नाव टाका.’ ही ओळ लावलेल्या दुकानांत दुहेरी खात्यांची तक्रार माझ्याकडे पुन्हा आलेली नाही. जिथे ही ओळ लावायला जागा नाही असे मला सांगितले गेले, तिथे मी मर्यादा घालायलाच नकार दिला आहे. न सांगता तोडलेल्या यादीवर विश्वास ठेवून माणूस पैशाचा व्यवहार करतो, हे मला मान्य नाही.

एकूण संख्या दाखवण्याचा हट्ट मात्र सोडावा. ‘८४,३१२ पैकी ५०’ असे लिहिण्यासाठी डेटाबेसला जुळणाऱ्या सगळ्या नोंदी मोजाव्या लागतात आणि मर्यादेने वाचवलेला वेळ तिथे खर्ची पडतो. मायएसक्यूएलमध्ये यासाठी असलेली ‘कॅल्क फाउंड रोज’ ही सोयही ८.०.१७ या आवृत्तीपासून मोडीत काढायच्या यादीत आहे.

चौथी तपासणी: क्रम

मर्यादेइतकेच क्रमाला महत्त्व आहे, आणि माझा सर्वाधिक वेळ इथेच गेला आहे. क्रम न सांगता ५० नोंदी मागितल्या तर कोणत्या ५० द्यायच्या हे डेटाबेसच्या मर्जीवर असते. सहा महिने त्याच क्रमाने आल्या म्हणून पुढेही तशाच येतील असे नाही. नवा इंडेक्स (नोंदी लवकर सापडाव्यात म्हणून केलेली सूची) टाकला, आवृत्ती बदलली, काही नोंदी पुसल्या, की क्रम बदलू शकतो.

क्रम सांगितला तरी तो पक्का आहे का, हे पाहावे. एका दुकानात हिशोबपट्ट्यांची यादी तारखेनुसार लावलेली होती आणि एका पानावर ५० पट्ट्या दिसत होत्या. दिवाळीच्या आठवड्यात एकाच दिवशी तीनशेवर पट्ट्या झाल्या. कारकून ती यादी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कागदावर उतरवून रोकडवहीशी ताळा करत होते. पट्ट्यांची संख्या तंतोतंत जुळत होती आणि रक्कम मात्र जुळत नव्हती. दोन संध्याकाळी दुकानातले चार जण बेरजा करत बसले. शेवटी मी पट्टी क्रमांकांवर एकेक टिकमार्क करत गेलो, तेव्हा एक क्रमांक दुसऱ्या पानाच्या तळाशी आणि चौथ्या पानाच्या मध्यावर असा दोनदा सापडला, तर दुसरा एक क्रमांक कुठल्याच पानावर नव्हता. एक पट्टी जास्त आणि एक कमी, म्हणून संख्या बरोबर येत होती.

कारण साधे आहे. तारीख सगळ्यांची सारखी असल्यामुळे त्या तीनशे पट्ट्यांचा आपसातला क्रम ठरलेला नव्हता. प्रत्येक पान ही डेटाबेससाठी स्वतंत्र क्वेरी असते आणि बरोबरीच्या नोंदी तो प्रत्येक वेळी वेगळ्या क्रमाने देऊ शकतो. मायएसक्यूएलमध्ये तर मर्यादा लहान असली की क्रम लावण्याची पद्धतच बदलू शकते, त्यामुळे मर्यादेसह आणि मर्यादेविना बरोबरीच्या नोंदींचा क्रम वेगळा येतो. उपाय एका शब्दाचा होता: तारखेनंतर पट्टी क्रमांक हा दुसरा निकष म्हणून जोडला. क्रमाच्या शेवटी नेहमी असा रकाना असावा ज्यात दोन नोंदींची किंमत कधीच सारखी नसते. आता माझ्या प्रत्येक यादीत तो असतो, मग गरज वाटो अथवा न वाटो.

पाचवी तपासणी: जोडलेली टेबले

वीस मागवले आणि सात दिसले, तर इथे पाहावे. शेतकऱ्यांचे टेबल पट्ट्यांच्या टेबलला जोडले की एका शेतकऱ्याच्या जितक्या पट्ट्या तितक्या ओळी तयार होतात, आणि मर्यादा जोडणीनंतरच्या ओळींना लागते. सात शेतकऱ्यांच्या मिळून वीस पट्ट्या झाल्या की यादी संपली. आतल्या क्वेरीत आधी वीस शेतकरी निवडावेत आणि मग त्यांना पट्ट्या जोडाव्यात. ‘डिस्टिंक्ट’ (सारख्या ओळी एकदाच द्या) हा शब्द घालून हे झाकण्याचा मोह आवरावा. ओळींमध्ये पट्टी क्रमांक असेल तर त्याने काहीच होत नाही, आणि नसेल तर संख्या बरोबर आली तरी सगळी जोडणी डेटाबेसला करावीच लागते.

सहावी तपासणी: इंडेक्स

इथून पुढे हात घालण्याआधी बॅकअप घेतलेला असावा आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिलेला असावा.

‘पन्नासच तर मागितल्या, मग एवढा उशीर का?’ हा प्रश्न मला सर्वाधिक विचारला जातो. नावाच्या क्रमाने पहिल्या पन्नास नोंदी द्यायच्या, आणि त्या क्रमाचा इंडेक्स नाही, तर डेटाबेसला जुळणाऱ्या सगळ्या नोंदी वाचल्याशिवाय पहिल्या पन्नास कोणत्या हे कळतच नाही. मर्यादेमुळे पाठवण्याचे काम वाचते, शोधण्याचे वाचत नाही. क्वेरीच्या आधी ‘एक्सप्लेन’ लिहून चालवले की डेटाबेस कोणत्या वाटेने जाणार ते कळते. मायएसक्यूएलच्या उत्तरात ‘युझिंग फाइलसॉर्ट’ (क्रम वेगळा लावावा लागेल) असे आले आणि तपासायच्या ओळींचा अंदाज लाखांत असेल, तर इंडेक्स हवा आहे.

नावाच्या शोधात आणखी एक खोच असते. ‘जाधव’ने सुरू होणारी नावे शोधायची असतील तर इंडेक्सचा उपयोग होतो, पण नावात कुठेही ‘जाधव’ असेल ते शोधायचे म्हणून पुढे-मागे ‘काहीही चालेल’ या अर्थाचे टक्क्याचे चिन्ह लावले, तर साधा इंडेक्स निकामी ठरतो. टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत ‘व’ने संपणारी आडनावे शोधायला सांगितल्यासारखे ते आहे. म्हणून आडनावाचा रकाना वेगळा ठेवावा. पोस्टग्रेसमध्ये कोलेशन (अक्षरांचा क्रम ठरवणारा नियम) ‘सी’ नसेल तर सुरुवातीचा मजकूर शोधण्यासाठीही साधा इंडेक्स लागू पडत नाही. तो ‘टेक्स्ट पॅटर्न ऑप्स’ या प्रकाराचा बनवावा लागतो.

मर्यादा घातल्यावर उलट उशीर होतो, त्याचे कारणही इथेच आहे. मर्यादा लहान आहे हे पाहून डेटाबेस असा अंदाज बांधतो की क्रमाच्या इंडेक्सवरून चालत गेलो तर जुळणाऱ्या दहा नोंदी लवकरच भेटतील. गाव मोठे असेल तर भेटतातही. पण एखाद्या वाडीतील जेमतेम चार शेतकरी खातेदार असतील तर दहा कधीच पुऱ्या होत नाहीत आणि तो संपूर्ण इंडेक्स पालथा घालतो. गाव आणि नाव या दोन रकान्यांचा मिळून एक इंडेक्स, याच क्रमाने, केला की हा दोष बहुतेक वेळा जातो.

सातवी तपासणी: खोलवरची पाने

‘ऑफसेट’ने पुढची पाने आणताना डेटाबेस आधीच्या नोंदी उडी मारून ओलांडत नाही, त्या मोजत जातो आणि टाकून देतो. एक लाख सोडून वीस मागितल्या तर १,००,०२० नोंदींवरून त्याला जावे लागते. शिवाय नवी नोंद वर येणाऱ्या यादीत, आपण पहिले पान वाचत असताना कोणी नवी पट्टी केली, तर पहिल्या पानावरची शेवटची ओळ ढकलली जाऊन दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते. क्रम पक्का असूनही.

यावरचा खरा उपाय असा की ‘इतक्या सोडा’ असे न सांगता ‘शेवटी पाहिलेल्या नोंदीच्या पुढच्या द्या’ असे सांगावे. शेवटची तारीख आणि शेवटचा पट्टी क्रमांक प्रोग्रामने लक्षात ठेवायचा आणि पुढच्या क्वेरीत त्याची अट घालायची. इंडेक्स असेल तर हजारावे पानही पहिल्याइतक्याच वेळात येते. यात थेट ५७ व्या पानावर जाता येत नाही, ही एक उणीव आहे. मी मुनीमजींना आणि ग्रंथपालांना वारंवार विचारले आहे; ५७ व्या पानावर जाण्याची गरज कोणालाच नव्हती, त्यांना ठरावीक तारीख हवी होती. ती चौकट दिली.

कुठे थांबावे

पहिल्या दोन तपासण्या कोणीही कराव्यात. तिसरीतील लॉग वाचणे ज्याला एसक्यूएलची तोंडओळख आहे त्याला जमते. चौथ्या आणि पाचव्या तपासणीसाठी प्रोग्रामचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, हाताशी हवा. तो नसेल, प्रणाली विकत घेतलेली असेल, तर तिच्या टेबलांत परस्पर बदल करू नयेत. करारातील देखभाल त्यामुळे अडचणीत येऊ शकते आणि पुढच्या अपडेटमध्ये आपला बदल पुसलाही जाऊ शकतो. त्यांना दोष लेखी कळवावा.

खालील परिस्थितीत मात्र तिथल्या तिथे हात काढून जाणकाराला बोलवावे. टेबल खराब झाल्याची किंवा डिस्क वाचता न आल्याची सूचना आली, तर एकही क्वेरी चालवू नये, कारण मग प्रश्न मर्यादेचा उरलेला नसतो. भर हंगामात, दुकान चालू असताना मोठ्या टेबलवर इंडेक्स टाकायचा असेल तर थांबावे. काही डेटाबेसमध्ये तेवढा वेळ नवीन पट्टी करता येत नाही, आणि मोंढ्यात सौदे सुरू असताना अर्धा तास काटा थांबणे परवडणारे नसते. किती नोंदी हव्यात हा आकडा वापरणाऱ्याकडून घेऊन तो जसाच्या तसा क्वेरीत चिकटवला जात असेल, तर ती सुरक्षेची फट आहे. त्या जागी कोणी आकड्याऐवजी एसक्यूएलच लिहून पाठवू शकतो; ही दुरुस्ती अनुभवी माणसाकडूनच करून घ्यावी. सर्व्हरची मेमरी किंवा शोध इंजिनाची १०,००० ची खिडकी वाढवून पाहण्याचा सल्ला कोणी दिला, तर आधी दुसरे मत घ्यावे.

आणि दुहेरी खाती निघालेली असतील तर ती स्वतः एकत्र करू नयेत. दोन खाती जोडताना उचल, हमाली-तोलाईच्या कपाती आणि दिलेल्या रकमा एकमेकींवर जातात. एक चुकीची नोंद पुसली तर तो हिशोब परत मिळत नाही. त्यासाठी डेटाबेसचा जाणकार आणि दुकानाचा हिशोब पाहणारा माणूस असे दोघे एका टेबलावर बसलेले असावेत, आणि शक्यतो खातेदाराला त्याची पट्टी घेऊन बोलावलेले असावे.

जाणकाराला फोन करण्याआधी एका कागदावर एवढे उतरवून ठेवावे: डेटाबेसचे नाव आणि आवृत्ती, शोधाच्या चौकटीत टाकलेला नेमका मजकूर, स्क्रीनवर दिसलेल्या नोंदींची संख्या, काउंटने आलेली संख्या, लॉगमधून उतरवलेली क्वेरी, एक्सप्लेनचे उत्तर, आणि दोष कोणत्या वेळी दिसला. एवढे हाताशी असले तर मला स्वतःला बहुतेक वेळा दुकानापर्यंत यावे लागत नाही.